मोटारसायकलचा वेगमापक : चूक कशी ओळखावी व कशी दूर करावी

बेंगळुरू शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या आता एक कोटीच्या पुढे गेली असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक वाहने दुचाकी आहेत. या प्रत्येक दुचाकीच्या हँडलवर एक लहानशी तबकडी बसविलेली असते. चालक दिवसातून अनेक वेळा तिच्याकडे पाहतो आणि ती जो आकडा दाखवील तो खरा मानून आपला वेग कमी-अधिक करतो. परंतु ही तबकडी म्हणजे वेगमापक, अथवा रोजच्या बोलण्यातील स्पीडोमीटर, हेही इतर यंत्रांप्रमाणेच झिजणारे यंत्र आहे. घड्याळ मागे पडले, तर शेजारच्या घड्याळाशी ताडून ते लगेच ध्यानात येते. वेगमापक मात्र वर्षानुवर्षे चुकीचा आकडा दाखवीत राहिला, तरी त्याची चूक चालकाच्या लक्षात येईलच असे नाही.

ही चूक क्षुल्लक नसते. गतिमान वस्तूची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काटा ५० दाखवीत असताना गाडीचा खरा वेग ताशी ६० किलोमीटर असला, तर तिच्या अंगी असलेली ऊर्जा चालक समजतो त्यापेक्षा ४४ टक्क्यांनी अधिक असते. आणि ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतरही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. रस्त्यात अचानक आलेल्या मुलाच्या अलीकडे गाडी थांबणार की पलीकडे, हे अशा वेळी त्या काट्याच्या खरेपणावरही अवलंबून असते. चूक उलट दिशेची असली तरी ती निरुपद्रवी नसते. अंतरमापकही तितकाच पुढे धावत असेल, तर एक लिटर पेट्रोलमध्ये ४० किलोमीटर जाणारी गाडी ४४ किलोमीटर गेल्याचा भास होतो आणि तेल बदलण्याचा हिशेबही चुकतो.

काटा कशामुळे हलतो?

यांत्रिक वेगमापकाची रचना समजली म्हणजे त्याच्या चुकांचे कारण शोधणे सोपे जाते. पुढच्या चाकाच्या तुंब्याजवळ, किंवा काही गाड्यांत गिअरपेटीवर, एक लहान दंतचक्र असते. त्याच्याशी जोडलेली लवचीक केबल आपल्या आवरणात फिरत फिरत मापकापर्यंत जाते. मापकात केबलच्या टोकाला एक कायम चुंबक बसविलेला असतो आणि तो केबलबरोबर फिरतो. या चुंबकाला अगदी लागून, पण त्याला स्पर्श न करता, ॲल्युमिनिअमची एक पातळ वाटी असते. वाटीच्या आसाला काटा आणि एक नाजूक केशकमान जोडलेली असते.

ॲल्युमिनिअमला चुंबक ओढून घेत नाही, हे शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मग फिरणारा चुंबक वाटीला ओढतो तो कसा? फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो याने १८२४ मध्ये असे दाखविले की, तांब्याची चकती फिरविली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्याबरोबर फिरू लागते. या कोड्याचा उलगडा मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये लावलेल्या विद्युत्प्रवर्तनाच्या शोधामुळे झाला. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की जवळच्या धातूत विजेचे प्रवाह उत्पन्न होतात. पाण्यातील भोवऱ्यांप्रमाणे ते धातूतल्या धातूत गोल फिरतात, म्हणून त्यांना भोवरा-प्रवाह असे म्हणतात. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते आणि त्यामुळे वाटी चुंबकाच्या मागोमाग ओढली जाते. केशकमान तिला मागे खेचते. दोन्ही ओढी समान झाल्या की वाटी, आणि तिच्याबरोबर काटा, स्थिर राहतो. चुंबक जितका वेगाने फिरेल तितकी ओढ अधिक, म्हणून काटाही तितका पुढे. या तत्त्वावरील वेगमापकाचे एकस्व जर्मनीतील ओटो शुल्झ याने १९०२ मध्ये मिळविले, आणि पुढे विसाव्या शतकातील बहुतेक मोटारींत व मोटारसायकलींत हीच रचना रूढ झाली.

त्याच तबकडीत एकूण अंतर दाखविणारी आकड्यांची चक्रे असतात. ती त्याच केबलने फिरतात, परंतु त्यांचा चुंबकाशी किंवा कमानीशी काहीही संबंध नसतो. त्यांना केवळ दातेरी चाके फिरवितात. म्हणजे एकाच केबलने दोन स्वतंत्र साक्षीदार चालविलेले असतात. चूक कोठे आहे हे शोधताना या दोघांच्या साक्षी ताडून पाहणे फार उपयोगी पडते.

मान्य असलेली चूक

प्रत्येक फरक म्हणजे बिघाड नव्हे. वेगमापक तयार करताना काही चूक मुद्दाम एका दिशेला ठेवलेली असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ व्या विनियमानुसार, नमुन्याच्या चाचणीत मापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखविता कामा नये. अधिक दाखविला तर चालेल, पण तो खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर एवढ्या मर्यादेत असावा. म्हणजे खरा वेग ताशी ८० किलोमीटर असताना काटा ८० पासून ९२ पर्यंत कोठेही असू शकतो. काटा थोडा पुढे असला तर चालक सावधपणे जातो. तो मागे असला तर चालक नकळत धोक्यात शिरतो, हे या नियमामागील तत्त्व होय. तेव्हा नव्या गाडीचा काटा ६० दाखवीत असताना खरा वेग ५६ भरला, तर मापक बिघडला आहे असे समजू नये. मात्र खरा वेग ६६ भरला, तर दुरुस्ती टाळता कामा नये.

मापक स्वतःची परीक्षा घेऊ शकत नाही

कोणत्याही मापनाची सत्यता त्याच साधनाने पुन्हा मोजून सिद्ध होत नाही; त्यासाठी दुसरे, स्वतंत्र माप लागते. या तत्त्वाचे एक नामांकित उदाहरण बेंगळुरूच्या परिसरातच घडले आहे. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा साखळीने मोजली आणि तेथून त्रिकोणांची मालिका पश्चिमेकडे नेली. या त्रिकोणांतील कोन मोजून दूरवरची अंतरे गणिताने काढता येत. पण ते गणित बरोबर आहे कशावरून? म्हणून १८०४ मध्ये बेंगळुरूजवळ दुसरी पायारेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजण्यात आली. गणिताने काढलेली लांबी आणि मोजलेली लांबी यांत केवळ काही इंचांचा फरक आढळला, आणि मगच त्या सर्वेक्षणावर विश्वास ठेवता आला.

मोटारसायकलच्या मालकाला एवढा खटाटोप करावा लागत नाही. वेग म्हणजे अंतर भागिले काळ. अंतरासाठी रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड आणि काळासाठी साधे सेकंद दाखविणारे घड्याळ, एवढी सामग्री पुरे होते.

रस्त्यावरील चाचणी

बेंगळुरूहून तुमकूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर व पुणे या मार्गाने मुंबईकडे जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचा आहे. राष्ट्रीय महामार्गावरील दगडांचा माथा पिवळा आणि राज्य महामार्गावरील दगडांचा हिरवा असतो. जेथे दुचाकींना परवानगी आहे असा सरळ, सपाट आणि कमी रहदारीचा भाग निवडावा. याबाबत आधी चौकशी करणे इष्ट. कारण बेंगळुरू–म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना मनाई करण्यात आली आहे. वेळ पहाटेनंतरची, पुरेसा उजेड झाल्यावरची असावी. घड्याळ मागे बसलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावे. चालकाचे लक्ष रस्त्यावर आणि काट्यावर असले पाहिजे. टायरांतील हवा आधी नियमाप्रमाणे भरून घ्यावी.

चालकाने काटा ६० वर स्थिर ठेवावा. एका दगडासमोरून जाताना घड्याळ सुरू करावे आणि पुढच्या दगडासमोर थांबवावे. ३६०० या संख्येला लागलेल्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटरमध्ये खरा वेग मिळतो. बरोबर ६० सेकंद लागले तर मापक खरा. ६६ सेकंद लागले तर खरा वेग सुमारे ५४.५, आणि ५५ सेकंद लागले तर तो सुमारे ६५.५ होय.

एका किलोमीटरच्या चाचणीत घड्याळ दाबण्यास एक सेकंदाचा उशीर झाला, तर सुमारे पावणेदोन टक्क्यांची चूक होते. तेच मापन तीन किलोमीटरवर केले तर ही चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. शिवाय रस्ता रुंद करताना काही दगड हलविलेले असतात. म्हणून एकाच दगडावर विसंबून राहू नये. चढ-उतारामुळे काटा स्थिर ठेवताना होणारी गफलत कमी व्हावी, यासाठी जाताना व येताना दोन्ही वेळा मोजून सरासरी घ्यावी. दशमान पद्धती येण्यापूर्वीच्या गाड्यांच्या तबकडीवर मैलांचे आकडे असतात, हेही ध्यानात ठेवावे. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, तेव्हा काटा ३० मैलांवर असताना एका किलोमीटरला सुमारे ७४.६ सेकंद लागले पाहिजेत.

हीच चाचणी ३० आणि ४० या वेगांनाही करावी. शेवटी, त्याच रस्त्यावर दगडांनुसार २० किलोमीटर जाऊन अंतरमापकाने किती अंतर दाखविले याची नोंद घ्यावी.

चुकीचे स्वरूप आणि तिचे स्थान

आता या नोंदी काय सांगतात ते पाहावे. समजा, काटा ३०, ४० आणि ६० वर असताना एका किलोमीटरला अनुक्रमे १३२, ९९ आणि ६६ सेकंद लागले. वास्तविक १२०, ९० आणि ६० सेकंद लागावयास हवे होते. प्रत्येक वेळी काळ बरोबर दहा टक्क्यांनी अधिक आहे. म्हणजे चूक वेगाच्या प्रमाणात आहे. याउलट १४४, १०३ आणि ६५.५ सेकंद लागले, तर खरे वेग २५, ३५ आणि ५५ ठरतात. येथे चूक सर्वत्र ताशी ५ किलोमीटर इतकीच आहे. याचा अर्थ काटा आसावर पाच घरे पुढे बसला आहे आणि बाकीचे यंत्र ठीक आहे.

चूक प्रमाणात असेल तर अंतरमापकाची साक्ष घ्यावी. २० किलोमीटरला त्याने २० च दाखविले, तर केबल योग्य संख्येने फिरत आहे. दोष चुंबकात किंवा कमानीत आहे. कालांतराने चुंबक दुर्बळ झाला तर काटा मागे राहतो. केशकमान सैल झाली तर तो पुढे धावतो. पण अंतरमापकानेही २२ दाखविले, तर मापकाला हात लावण्याचे कारण नाही. केबलच जास्त फिरत आहे, आणि त्याचे कारण चाकाकडे आहे.

चाकाकडील कारणे बहुधा तीन असतात. टायर झिजल्याने चाकाचा घेर कमी होतो, परंतु त्याचा परिणाम अल्प असतो. घेर १.९० मीटर असलेल्या चाकाचे रबर ५ मिलिमीटर झिजले, तर फरक सुमारे १.६ टक्के पडतो. वेगळ्या मापाचा टायर किंवा चाक बसविल्यास फरक मोठा असतो, घेर १.९० ऐवजी १.८० मीटर झाला तर मापक ५.६ टक्के अधिक दाखवील. तिसरे कारण, दुसऱ्या गाडीचे दंतचक्र किंवा दुसऱ्या गाडीचा मापक बसविलेला असणे. गिअरपेटीवरून केबल निघत असेल, तर मागच्या चाकाचे साखळीचक्र बदलल्यानेही असाच फरक पडतो.

यांशिवाय आणखी दोन लक्षणे वारंवार आढळतात. काटा एकसारखा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा तिला कोठेतरी तीव्र मोड आला आहे. काटा एकाएकी वर जाऊन तेथेच राहत असेल, तर केबलला लावलेले जादा वंगण वर चढून चुंबक व वाटी यांच्यामध्ये शिरले असण्याचा संभव असतो. म्हणून केबलला वंगण बेताने लावावे आणि वरच्या टोकाचा थोडा भाग कोरडा ठेवावा.

फेरे मोजण्याची पद्धत

गाडी न चालविताही केबलची परीक्षा घेता येते. अनेक मापकांच्या तबकडीवर एक बारीक आकडा छापलेला असतो. केबलने दर किलोमीटरला, किंवा जुन्या ब्रिटिश मापकांत दर मैलाला, किती फेरे केले पाहिजेत हे तो सांगतो. समजा हा आकडा दर किलोमीटरला १४०० आहे. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी, चालकाला गाडीवर बसवावे आणि चाकाचे दहा फेरे होतील इतकी गाडी सरळ ढकलावी. अंतर १९ मीटर भरले तर घेर १.९० मीटर, आणि एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ५२६ फेरे. आता केबल मापकातून सोडवून तिच्या आतील तारेला कागदाची लहान पताका चिकटवावी आणि चाकाच्या दहा फेऱ्यांत ती पताका किती वेळा फिरते ते मोजावे. ती सुमारे २६.६ वेळा फिरली, तर केबलचे फेरे १४०० होतात आणि चाकाकडील सर्व यंत्रणा निर्दोष ठरते.

नळीदिव्याच्या उजेडात

मापकाच्या आतील दोषाची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही घेता येईल. १४०० फेऱ्यांच्या मापकाची केबल मिनिटाला १४०० वेळा फिरविली, तर काटा ६० वर आला पाहिजे. वेग बदलता येणाऱ्या विजेच्या गिरमिटाने केबल फिरविता येते; प्रश्न असतो तो फेरे मोजण्याचा. जुन्या चोकच्या नळीदिव्याचा प्रकाश येथे उपयोगी पडतो. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे हा दिवा सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. पांढऱ्या चकतीवर समान अंतरावर चार काळ्या रेषा काढून ती गिरमिटावर बसवावी. मिनिटाला १५०० फेऱ्यांचा वेग आला की दोन लुकलुकींच्या दरम्यान चकती बरोबर पाव फेरा करते आणि चारही रेषा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. त्या क्षणी काटा ६४.३ वर असावा. वेग निम्मा असेल तर चारऐवजी आठ रेषा दिसतात, म्हणून रेषा मोजूनच निष्कर्ष काढावा.

या परीक्षेतील प्रमाण म्हणजे वीजजालाची वारंवारता होय. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाल उर्वरित देशाच्या जालाशी एकतालात जोडले गेले. तेव्हापासून बेंगळुरूतील शाळेत आणि सोलापुरातील शाळेत नळीदिवा एकाच वारंवारतेने लुकलुकतो. ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवण्याचा प्रयत्न असतो. त्यामुळे होणारी चूक काट्याच्या जाडीपेक्षाही कमी भरते.

दुरुस्ती

दोष चाकाकडे असेल तर योग्य मापाचा टायर किंवा योग्य दंतचक्र बसवावे. ते मिळत नसेल तर केबलच्या मार्गात फेऱ्यांचे प्रमाण बदलणारी लहान दंतपेटी घालता येते. काटा केवळ सरकलेला असेल तर तो काढून शून्यावर नीट बसवावा.

चुंबक आणि कमान यांचे काम मात्र अनुभवी कारागिराकडेच सोपवावे. मापकाची दुमडलेली कडा हळूहळू उलगडून तो उघडावा लागतो. केशकमानीची कार्यकारी लांबी किंचित कमी केली की ती ताठ होते आणि काटा मागे येतो; लांबी वाढविली की तो पुढे जातो. दुर्बळ चुंबकाला पुन्हा चुंबकत्व देता येते. लोखंडी हत्यार चुंबकाला लागू न देण्याची दक्षता घ्यावी लागते. चुंबकाजवळ निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची एक लहान पट्टी असते, ती निरुपयोगी समजून काढू नये. ॲल्युमिनिअमचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे तापमान २५ अंशांनी चढले तर वाटीतील प्रवाह सुमारे दहा टक्के कमी होतील आणि काटा मागे पडेल. ही पट्टी उन्हात आपला चुंबकीय गुण कमी करून वाटीकडे अधिक चुंबकत्व जाऊ देते आणि ती तूट भरून काढते.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत मोटारसायकली तयार होत असत. त्यांतील अनेक गाड्या बेंगळुरूच्या हौशी मालकांनी आजही चालत्या ठेवल्या आहेत, आणि जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत जुन्या गाड्यांचे भाग शोधणारे लोक दिसतात. एका गाडीचा मापक दुसऱ्या गाडीवर चढण्याचा संभव अशा वेळी अधिक असतो. म्हणून मापक विकत घेण्यापूर्वी तबकडीवरील फेऱ्यांचा आकडा वाचणे अगत्याचे आहे.

विजेवर चालणारे मापक

आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत केबल राहिलेली नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या खाचांच्या कड्याजवळ एक संवेदक असतो आणि तो प्रत्येक खाचेला विजेचा एक स्पंद पाठवितो. मापक हे स्पंद मोजून वेग काढतो. येथे चुंबक दुर्बळ होण्याचा किंवा कमान सैल होण्याचा प्रश्न उरत नाही. पण चाकाचा घेर बदलला तर चूक पूर्वीइतकीच होते, कारण संवेदकाला चाकाचे फेरे कळतात, रस्त्याची लांबी कळत नाही. अशा मापकात घेराचा आकडा सुधारून, किंवा स्पंदांचे प्रमाण बदलणारे उपकरण जोडून, दुरुस्ती करतात.

उपग्रहांच्या साहाय्याने वेग सांगणारा मोबाइल हाही तुलनेचे एक स्वतंत्र साधन होय. चाकाशी त्याचा काहीही संबंध नसल्यामुळे टायरच्या झिजेचा त्याच्यावर परिणाम होत नाही. भारताच्या ‘नाविक’ या उपग्रहप्रणालीचे केंद्र बेंगळुरूजवळ ब्यालाळू येथे २०१३ मध्ये सुरू झाले. मात्र उड्डाणपुलाखाली, उंच इमारतींच्या गर्दीत किंवा वेग झपाट्याने बदलत असताना मोबाइलचा आकडा विश्वसनीय नसतो. उघड्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर, वेग काही काळ स्थिर ठेवूनच तो ताडून पाहावा; आणि तोही मागे बसलेल्याने पाहावा.

दुरुस्ती झाल्यावर पहिली चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वेगांना पुन्हा करावी. राहिलेली चूक लहान असली तर ती कागदावर टिपून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी : काटा इतक्यावर, खरा वेग इतका. टायर बदलल्यावर, केबल बदलल्यावर किंवा जुनी गाडी विकत घेतल्यावर हाच तक्ता नव्याने तयार करावा. अर्ध्या दिवसाच्या या श्रमाने चालकाला आपला वेग खरोखर किती आहे हे कळते. आणि ते कळल्याखेरीज वेगाची मर्यादा पाळणे त्याच्या हाती नसते.